डॉसन ते टुक्टोयाक्टुक आणि परत: खडीच्या रस्त्याचे अठराशे किलोमीटर

डेम्पस्टर महामार्गाची तयारी गाडीच्या भाडेकरारापासून सुरू करावी लागते. कॅनडातल्या बहुतेक कंपन्यांच्या करारात बारीक अक्षरांत एक ओळ असते: खडीच्या रस्त्यावर गाडी नेल्यास विमा लागू नाही. आणि हा रस्ता तर जवळजवळ सगळाच खडीचा. युकॉनमध्ये डॉसन सिटीच्या ४० किमी अलीकडे तो क्लोंडाइक महामार्गापासून फुटतो आणि ७३६ किमी उत्तरेला, नॉर्थवेस्ट टेरिटरीजमधल्या इनुव्हिकला पोचतो. तिथून आर्क्टिक समुद्राकाठच्या टुक्टोयाक्टुकपर्यंत आणखी १३८ किमी. हा शेवटचा तुकडा १५ नोव्हेंबर २०१७ ला खुला झाला. त्याआधी टुकला (तिकडे सगळे एवढंच म्हणतात) गाडीने जायचं तर हिवाळ्यात, गोठलेल्या नदीवरून आणि समुद्रावरून. आम्ही दोघांनी ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात, तंबूत राहून, हा रस्ता जाऊन-येऊन केला. जाताना जे शोधत बसावं लागलं ते इथे एकत्र लिहून ठेवतोय.

आधी कागद. फेब्रुवारीत कॅनडाच्या व्हिजिटर व्हिसाचा अर्ज: माणशी १०० कॅनेडियन डॉलर, शिवाय बायोमेट्रिकचे माणशी ८५. एकाच कुटुंबाचे अर्ज एकाच वेळी दिले तर बायोमेट्रिकची कमाल मर्यादा १७० आहे, म्हणजे दोघांना त्यात फायदा काहीच नाही. बोटांचे ठसे देऊन झाल्यावर पासपोर्ट हातात यायला सात आठवडे गेले. विमानाची तिकिटं त्यानंतरच काढली. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आरटीओतून, फॉर्म ४-अ भरून, फी १००० रुपये, मुदत एक वर्षाची. तो दोघांचाही काढा. खडीवर एकट्याने पाच-सहा तास चालवलं की लक्ष उडतं आणि नेमका तेव्हाच मोठा दगड चुकतो. डॉसनहून पश्चिमेला अलास्कात जाणारा रस्ता नकाशावर फार खुणावतो, पण त्याला अमेरिकेचा व्हिसा लागतो.

तारखा निवडताना सगळ्याचं एकदम जमत नाही. जून-जुलैत मध्यरात्रीचा सूर्य, पण डासांमुळे तंबूबाहेर जेवणं मुश्कील. ऑगस्टच्या उत्तरार्धात डास बरेच कमी होतात, टुंड्रा लाल-पिवळा व्हायला लागतो, रात्री पुन्हा अंधार पडतो म्हणून ध्रुवीय प्रकाश दिसायची शक्यता असते. बदल्यात पाऊस, वारा आणि घाटात हिमवर्षावही होऊ शकतो. ऑक्टोबरमध्ये नद्या गोठायला लागल्या की फेरीबोटी बंद होतात, आणि बर्फ गाडीचं वजन पेलण्याइतका जाड होईपर्यंत रस्ता तुटलेलाच राहतो. मे महिन्यात बर्फ फुटतानाही तेच.

गाडी व्हाइटहॉर्समध्ये घेतली, कारण खडीवर न्यायची परवानगी देणारे भाडेवाले तिथेच सापडले. करारात दोन गोष्टी लेखी घ्या: डेम्पस्टरचं नाव, आणि नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये गाडी न्यायची मुभा. तोंडी ‘हो हो, चालतं’ विम्याच्या वेळी कुणाला आठवत नाही. टायर आणि पुढची काच बहुधा विम्यात नसतातच. गाडी मध्येच बंद पडून टो करावी लागली, तर बिल हजारो डॉलरांत जातं, कारण टो-ट्रकलाच कित्येक तास लांबून यावं लागतं.

१४ ऑगस्टला गाडी ताब्यात घेतली. फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप, मागे झाकण असलेला हौदा. पाहणीत तास-दीड तास गेला. टायर दहा प्लायचे, म्हणजे बाजूवर ‘लोड रेंज ई’ लिहिलेले आहेत ना, हे बघितलं. साध्या प्रवासी टायरची बाजूची भिंत इथल्या पातीसारख्या धारदार दगडांपुढे टिकत नाही. स्टेपनी पूर्ण मापाची हवी, आणि शक्यतो दोन. पिकअपची स्टेपनी गाडीच्या पोटाखाली साखळीला टांगलेली असते आणि मागच्या बंपरमधल्या भोकातून लांब दांडा घालून, फिरवून ती खाली सोडायची असते. ही यंत्रणा तिथेच अंगणात चालवून बघा. आमच्या गाडीची साखळी गंजून अडकली होती. अर्ध्या वाटेत, चिखलात लोळून हे कळण्यापेक्षा दुकानात कळलेलं बरं. तेल फवारून, दहा-बारा वेळा खालीवर करून ती मोकळी झाली. दुसरी स्टेपनी हौद्यात ठेवली.

बाकी सामान: १२ व्होल्टचा हवेचा पंप, पंक्चरच्या दोऱ्या आणि टोचा, हवेचा दाब मोजायचा मीटर, जॅकखाली ठेवायला दोन फूट लांबीची जाड फळी (ओल्या खडीत जॅक सरळ खाली रुतत जातो), टो-पट्टा, फावडं, २० लिटरचे दोन पेट्रोल कॅन, पाण्याचा २० लिटरचा कॅन. पेट्रोलचे कॅन भरताना हौद्यातून खाली जमिनीवर उतरवायचे. प्लॅस्टिकच्या हौद्यात ठेवून भरले तर स्थिर विजेची ठिणगी पडू शकते. भरलेले कॅन केबिनमध्ये ठेवायचे नाहीत. शिवाय एक उपग्रह-संदेश यंत्र. डॉसन सोडल्यावर इनुव्हिकच्या अलीकडच्या फोर्ट मॅकफर्सन गावापर्यंत मोबाइलला रेंज नाही असंच धरून चाला.

अस्वलाचा स्प्रे (अस्वल अंगावर आलं तर त्याच्यावर मारायचा तिखटाचा फवारा) आणि स्टोव्हचं इंधन विमानात नेता येत नाही, केबिनमध्येही नाही आणि चेक-इन सामानातही नाही. म्हणून दोन्ही व्हाइटहॉर्समध्येच घेतलं. स्प्रेचे डबे दोन, एकेकाच्या कमरेला. बॅगेत तळाशी ठेवलेल्या स्प्रेचा उपयोग शून्य. हा स्प्रे डासांच्या औषधासारखा तंबूवर किंवा अंगावर मारायचा नसतो. तसं करणारे दरवर्षी कुणीतरी निघतात म्हणे, आणि सुकल्यावर त्याच वासाने अस्वल उलट जवळ येतं. स्टोव्ह द्रव इंधनाचा घेतला. साध्या ब्युटेनचा दाब शून्याच्या आसपास इतका पडतो की पाणी उकळत नाही.

१६ ऑगस्टला व्हाइटहॉर्स ते डॉसन, ५३३ किमी, बहुतेक डांबरी. वाटेत कारमॅक्स आणि पेली क्रॉसिंगला पेट्रोल मिळतं. डॉसनमध्ये फ्रंट स्ट्रीटवर नॉर्थवेस्ट टेरिटरीजचं माहिती केंद्र आहे, तिथे थांबाच. फेरी चालू आहे का, कुठे काम चाललंय, कुठला तुकडा वाहून गेलाय, हे तिथले लोक त्या दिवसाचं सांगतात. युकॉनच्या रस्त्यांची स्थिती ५११ वर फोन करूनही कळते.

पेट्रोलचा हिशेब कागदावर मांडला. डॉसन ते ईगल प्लेन्स (वाटेतलं हॉटेल आणि पंप) ४०९ किमी, मध्ये पंपावर भरवसा ठेवायचा नाही. खडीवर पिकअपने १०० किमीला साधारण १४ लिटर खाल्ले, म्हणजे ५७ लिटर. ईगल प्लेन्स ते फोर्ट मॅकफर्सन १८२, तिथून इनुव्हिक १८६. अंतरं भयंकर नाहीत. पण पुढचा रस्ता बंद असला तर मागे फिरायला पेट्रोल उरलं पाहिजे, आणि जास्तीचे कॅन असतात ते त्यासाठी.

१७ ला दुपारी खडी सुरू झाली. टायरची हवा ४० वरून ३५ पीएसआयवर आणली, हेडलाइट लावले आणि वेग ६०-७० ठेवला. हा रस्ता म्हणजे कायम गोठलेल्या जमिनीवर घातलेला खडीचा जाड बांध आहे. बांध पातळ असता तर खालचा बर्फ वितळून रस्ताच खचला असता. त्यामुळे दोन्ही कडा उंच आणि मऊ आहेत. एक चाक कडेला गेलं की गाडी खाली ओढली जाते, आणि घाबरून स्टिअरिंग झटक्यात उलटं फिरवलं की पलटी. समोरून ट्रक आला की वेग अगदी कमी करून उजवीकडे सरकायचं, पण कडेवर नाही. काच फुटते ती दोन्ही गाड्यांच्या वेगाच्या बेरजेने. आपला वेग ३० वर आणला की बेरीज बरीच उतरते. फोटोसाठी थांबायचं तर सरळ पट्ट्यावर, दोन्ही बाजूंनी लांबून दिसेल असं. रस्त्याचे काही रुंद तुकडे आणीबाणीची धावपट्टी म्हणून ठेवलेत, तिथे मात्र थांबायला मनाई आहे.

धुळीवर एक उपाय खरंच चालतो: काचा बंद, हवा बाहेरून आत घेणारं बटण चालू आणि पंखा जोरात. आत दाब किंचित वाढतो आणि फटींतून धूळ शिरत नाही. हवा आतल्या आत फिरवली तर उलटं होतं. हौद्यात मात्र धूळ शिरतेच, झाकण असलं तरी. झोपायच्या पिशव्या, भांडी, पीठ-तांदूळ सगळं कचऱ्याच्या जाड पिशव्यांत बांधून ठेवलं होतं.

पहिला मुक्काम टूमस्टोन, किमी ७२ (हे आकडे डेम्पस्टरच्या फाट्यापासून मोजलेले). आम्ही गेलो तेव्हा युकॉनच्या सरकारी कॅम्पग्राउंडना आरक्षण नव्हतं, आधी येईल त्याला जागा. पाटीपाशी पाकिटं ठेवलेली असतात. नाव, गाडीचा नंबर, रात्री किती हे लिहायचं, पैसे आत घालून लोखंडी पेटीत टाकायचे आणि फाडलेला तुकडा आपल्या जागेच्या खांबाला अडकवायचा. सुटे पैसे मोजून जवळ ठेवा, मोड द्यायला कुणी नसतं. जळाऊ लाकूड तेव्हा त्याच पैशांत मिळालं. पाणी उकळूनच प्यायचं. तंबूच्या जागेवर खडी ठोकून बसवलेली असते, खुंट्या आत जात नाहीत. म्हणून स्वतःच्या काठ्यांवर उभा राहणारा तंबू हवा, दोऱ्या मोठ्या दगडांना किंवा ओंडक्यांना बांधायच्या. स्वयंपाक तंबूपासून शंभरेक मीटर लांब. तंबूच्या दारात फोडणी टाकायची हौस इथे भागवायची नाही. खाणं, साबण, टूथपेस्ट, लिपबाम रात्री गाडीत. कचरा अस्वलाला न उघडणाऱ्या लोखंडी पेटीत: झाकणाच्या खोबणीत हात घालून आतली कडी दाबावी लागते, पहिल्या दिवशी ती सापडायला वेळ लागतो.

१८ तारीख टूमस्टोनमध्येच घालवली, १९ ला एंजिनियर क्रीक, किमी १९४. दिवसाला सव्वाशे किमी फार कमी वाटतात, पण तंबू लावणं, काढणं, पाणी उकळणं यात रोजचे चार तास जातात. हा भाग हिमयुगात हिमनद्यांखाली गेला नव्हता, म्हणून डोंगर गुळगुळीत कोरलेले नाहीत, माथ्यावर दातेरी सुळके तसेच उभे आहेत. ओढ्याचं पाणी लोहाने तांबडं झालंय. ते प्यायला घेऊ नका, वापरायचं पाणी डॉसनहून भरून न्या. दोघांना दिवसाला आठ लिटर पुरलं.

२० ला पाऊस लागला. धूळ बसावी म्हणून रस्त्यावर कॅल्शियम क्लोराइड घालतात. सुकं असताना त्याने रस्ता कडक होतो, भिजला की साबण. फोर-व्हील-ड्राइव्ह लावून, ४० च्या वेगाने, ब्रेकला जवळजवळ हात न लावता चाललो. ओगिल्वी नदीचा किनारा सोडून रस्ता पठारावर चढला, आणि साधारण किमी ३०० च्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागलं. ५० च्या खाली शांत, वर गेलं की हात हलतात. सस्पेन्शन गेलं असं वाटतं, पण चिखल रिमच्या आतल्या बाजूला एकाच ठिकाणी बसून सिमेंटसारखा घट्ट झालेला असतो आणि चाकाचा तोल गेलेला असतो. तंबूची लोखंडी खुंटी रिमच्या आरांतून आत घालून, चाक पाव-पाव फिरवत, खरवडून काढला. प्रत्येक चाकातून घमेलंभर निघाला. काम चाळीस मिनिटांचं, थरथर पूर्ण गेली. मागचे दिवे आणि नंबर प्लेटही दर थांब्याला पुसायची, दिवे चिखलात बुजले की मागच्या ट्रकला तुम्ही दिसतच नाही.

ईगल प्लेन्स, किमी ३६९: हॉटेल, पंप, टायरचं काम, कॅम्पिंगची जागा. पुढच्या रस्त्याचं फाटक बंद होतं. पावसाने रिचर्डसन डोंगरात रस्त्याचा तुकडा खचला होता. कधी उघडेल याला तिथे ‘उघडेल तेव्हा’ एवढंच उत्तर मिळतं, आणि तेच खरं असतं. २१ चा अख्खा दिवस गेला. पंपाशी ट्रकवाले उभे असतात, त्यांना विचारा. फळ्यावरच्या सूचनेपेक्षा त्यांची माहिती ताजी असते. आम्ही वेळापत्रकात दोन दिवस राखीव ठेवले होते, त्यातला एक इथे खर्ची पडला. परतीचं विमान अगदी कडेला घेतलेलं एक जोडपं इथूनच मागे फिरलं.

२२ ला सकाळी नऊला फाटक उघडलं. किमी ३७८ ला ईगल नदीचा पूल लागतो. फेब्रुवारी १९३२ मध्ये पोलिसांनी ‘मॅड ट्रॅपर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आल्बर्ट जॉन्सनला आठवड्यांच्या पाठलागानंतर मारलं ते याच नदीवर. किमी ४०५ ला आर्क्टिक वृत्ताची पाटी. इथून सीमेपर्यंत खडी सर्वांत धारदार आहे, आणि किमी ४३१ ला मागचं डावं चाक बसलं. क्रम असा ठेवा: सपाट, कडक जागा मिळेपर्यंत पायी चालायच्या वेगाने पुढे, उलट बाजूच्या चाकाला दगडांची उटी, चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल, मग फळी, फळीवर जॅक. स्टेपनी आधी गाडीखालून काढून ठेवायची, गाडी उचलल्यावर तिच्याखाली शिरायचं नाही. नवं चाक बसवून नट समोरासमोरच्या क्रमाने आवळायचे आणि ५०-६० किमीनंतर पुन्हा पाना लावायचा. आमचे दोन नट अर्धा फेरा फिरले. फाटलेल्या टायरमध्ये बोटाच्या पेराएवढी काळी चीप होती, रबरात उभी घुसलेली. भोक तळव्यात असलं तर दोरीने बुजतं, बाजूच्या भिंतीत असलं तर टायर गेला. आमचं तळव्यात होतं, इनुव्हिकला दुरुस्त झालं.

किमी ४६५ ला प्रांत बदलतो: किमीच्या दगडांवरचे आकडे पुन्हा शून्यापासून, घड्याळ एक तास पुढे. खिंडीत वारा इतका की दार उघडताना ते हाताने धरून ठेवावं लागतं, नाहीतर बिजागरी वाकते. नव्या किमी ७४ ला पील नदी आणि फेरी. वाटेतल्या दोन्ही फेऱ्या (ही आणि पुढची मॅकेंझीची) फुकट, तिकीट नाही. इथे काठावर उभं राहायचं, बोट येते. पाण्याची पातळी बदलेल तसा खडीचा उतार यंत्राने पुन्हा पुन्हा रचतात, त्यामुळे तो पोचट असतो. पहिला गिअर, फोर-व्हील, आणि बोटीवर चढताना थांबायचं नाही. पलीकडे लगेच नितैनलाई पार्कमध्ये तंबू टाकला.

२३ ला फोर्ट मॅकफर्सन. डिसेंबर १९१० मध्ये इथून डॉसनला निघालेली पोलिसांची चौघांची तुकडी वाट चुकून मेली. मार्च १९११ मध्ये त्यांना शोधून काढणाऱ्या विल्यम डेम्पस्टरचं नाव रस्त्याला आहे. त्या चौघांच्या कबरी चर्चच्या आवारात आहेत. किमी १४२ ला मॅकेंझी नदीची फेरी. ती तीन काठांना लागते, त्यामुळे इनुव्हिक की त्सिगेचिक हे खलाशाला आधीच सांगायचं. दीड तास थांबावं लागलं. संध्याकाळी इनुव्हिक, गावातल्या हॅपी व्हॅलीत मुक्काम, गरम पाण्याची अंघोळ. २४ ला कपडे, टायर, किराणा.

२५ ला टुक. १३८ किमीत पंप नाही, दुकान नाही, अर्ध्यावर झाडंही संपतात. हा रस्ता हिवाळ्यात बांधला, टुंड्राचं कातडं न खरवडता वर कापड अंथरून त्यावर खडी टाकून. म्हणून गाडी रस्त्याखाली उतरवू नका. चाकोरी पडली की तिथला बर्फ वितळतो आणि खड्डा वाढतच जातो. गावाजवळ पिंगो दिसतात: आत बर्फाचा गाभा असलेल्या टेकड्या. त्यातली इब्युक ४९ मीटर उंच, चढायला मनाई. समुद्राच्या टोकाला तंबू लावता येतो, पण आडोसा कसलाच नाही. गाडी वाऱ्याच्या आड उभी करून तंबूच्या दोऱ्या चाकांना बांधल्या, तरी रात्री दोनला एक काठी मुडपली. उरलेली रात्र गाडीच्या सीटवर. काठीवर सरकवायची धातूची नळी दुरुस्तीच्या पिशवीत असली तर दहा मिनिटांचं काम आहे. आमच्याकडे नव्हती, तंबूची खुंटी आणि चिकटपट्टीने निभावलं.

परतताना २६ ला इनुव्हिक, २७ ला रॉक रिव्हर (वारा लागत नाही, पण चिलटं भरपूर), २८ ला टूमस्टोन. दहा दिवसांत डोंगर हिरव्याचे शेंदरी झाले होते. दुसरा राखीव दिवस वापरावा लागला नाही.

२९ ला डॉसनमध्ये गाडी धुतली. नाण्यांवर चालणारा पाण्याचा फवारा, निम्म्याहून जास्त नाणी गाडीच्या पोटाखाली आणि रिमच्या आत घालवायची. कॅल्शियम क्लोराइड तसंच राहिलं तर गंज लागतो, आणि गाडी परत घेणारा नेमकं तिथेच टॉर्च मारतो. व्हाइटहॉर्सला ३० च्या संध्याकाळी मीटरने सुमारे ३००० किमी दाखवले, पेट्रोल ४२० लिटरच्या आसपास. पुढच्या काचेवर एक चट्टा, तोही परतीच्या डांबरी रस्त्यावर पडलेला. तडा जायच्या आत लाखेसारखा द्रव भरून घेतला, तेवढ्यावर भागलं. उरलेलं इंधन आणि न वापरलेले दोन्ही स्प्रे विमानात नेता येत नव्हतेच. कॅम्पग्राउंडवर उत्तरेला निघालेले लोक शोधले आणि स्प्रेची सुरक्षेची पिन जागेवर आहे हे दाखवून त्यांच्या हातात दिले.